दाभाडे सरांची टराम

आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला हातभर लांबीचा लोखंडाचा तुकडा होता. शिपाई नामदेवमामा तो सळईनं बडवायचे, मग तास सुरू व्हायचा किंवा संपायचा. आठवीच्या पहिल्याच दिवशी दाभाडे सरांनी आम्हाला वर्गात बसू न देता त्या तुकड्यासमोर उभं केलं.

"हे काय आहे?"

"घंटाऽऽ!"

"हात लावून सांगा."

आम्ही साठेक पोरं-पोरी रांगेनं पुढं गेलो आणि रोज ऐकत असलेल्या त्या वस्तूला पहिल्यांदा हात लावला. वरून गोलसर, मधे बारीक, खाली पसरट. सर म्हणाले, "रूळ आहे हा. पण टेशनावरच्या रुळाशेजारी ठेवला तर बापाशेजारी लेकरू उभं केल्यागत दिसंल. एवढ्या बारक्या रुळावरून रेल्वे जात नाही. मग हा आपल्या गावात आला कुठून? घरी विचारून या."

माझ्या घरी शाळेतलं काही विचारायची पद्धत नव्हती. वडील मेंढरं राखायचे. मेंढरं विकल्यावर दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. आई खुरपायला. शाळेत टिकलेला घरातला मी पहिलाच. तरी भीत भीत विचारलं. वडील म्हणाले, "मला कामून इचारतो? मी गेल्तो का शाळंत?" मग भाकरी मोडता मोडता थांबले. "टरामचा असंल त्यो. जिनिंगपासून टेसनापोहोत टराम होती म्हणं. मह्या आज्यानं पाह्यलेली."

दुसऱ्या दिवशी साठ जणांत ते उत्तर फक्त माझ्याकडं होतं. सरांनी फळ्यावर माझ्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'यांनी सांगितलं.' त्या नावापुढं अंगठ्याशिवाय दुसरं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढं मी बी.ए. झालो, एम.ए. झालो, आज अंबडला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली असं कोणी विचारलं, तर मी फळ्यावरची ती ओळ सांगतो. म्हणूनच सरांबद्दल लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. नुसतं चांगलं लिहिता आलं असतं तर केव्हाच लिहिलं असतं.

आमचं गाव निंबाळी रोड. यातला 'रोड' महत्त्वाचा. खरं निंबाळी दोन कोस आत. निजामाच्या अमलात रेल्वे जालन्यावरून परतूरकडं गेली, तेव्हा रानात एक स्टेशन पडलं. स्टेशन पाहून कापसाची जिनिंग आली, जिनिंगसाठी हमाल आले, हमालांसाठी किराणा दुकान आलं आणि मग गाव झालं. जिनिंग ओढ्यापलीकडं चढावर आणि स्टेशन खाली. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीची चाकं आसापर्यंत रुतायची, गठाणी भिजायच्या. म्हणून मालकांनी बारके रूळ अंथरून त्यावर लाकडी ढकलगाड्या चालवल्या. गावानं तिला टराम म्हटलं. पुढं ट्रक आले, टराम बंद पडली, काही वर्षांनी जिनिंगही बंद पडली. रूळ कोणी उपटून नेले ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते घराघरांत होते.

दाभाडे सर मूळचे आष्टीचे. इतिहास-भूगोल शिकवायला आमच्याकडं आले आणि इथलेच झाले. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी शिंप्याची कापडी टेप. ते रस्त्यानं चालायचे ते पावलं मोजत. मोजताना बोलायचे नाहीत; कोणी नमस्कार केला तर पंजा वर करून 'थांब' म्हणायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर तिथूनच ओरडून नमस्कार परत करायचे. गावातले टवाळ लोक मुद्दाम मधेच विचारायचे, "सर, किती झाले?" आकडा चुकला की सर कुरकुर न करता मागं फिरायचे, पहिल्यापासून सुरू. एकदा हरिभाऊ न्हाव्यानं त्यांना एकाच सकाळी तीनदा मागं पाठवलं. चौथ्यांदा सर दुकानात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हरिभाऊ, आता तुम्ही दाढी करा. मी मधे मधे विचारतो, किती झाली?"

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या, "लग्नात सप्तपदीला सुद्धा ह्यांनी सातवरच थांबलो का, ते गुरुजींना विचारून घेतलं."

सरांच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा जुन्या मासिकातून कापलेलं, इटलीतल्या एका बारक्या गावाचं. डोंगरउतारावर घरं, खाली स्टेशन आणि स्टेशनातून गावात चढत गेलेली ट्रामची लाइन. ती ट्राम केव्हाच बंद पडली होती, पण ती कुठून जायची, कुठं थांबायची, कोणत्या वळणावर एकदा घसरली, हे सगळं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलंय, पाट्या लावल्यात, असं त्या चित्राखाली छापलेलं होतं. सर ते चित्र दाखवून म्हणायचे, "गाव बघ. आपल्याएवढंच आहे. तिथला माणूस म्हणतो, इथून ट्राम जायची. आपला माणूस म्हणतो, मला काय माहीत, आमच्यात नाही रूळ." आणि हसायचे.

कारण रुळांची शिरगणती करताना त्यांना तसंच उत्तर मिळालं होतं. सरांनी ठरवलं, गावात जिथं जिथं टरामचा रूळ आहे तिथं जाऊन हात लावायचा, टेपनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. कोणाच्या दारावर चौकटीऐवजी रूळ आडवा, कोणाच्या गोठ्यात दावणीला, विहिरीवर रहाटाला, एका ठिकाणी तर चुलीवर तवा टेकवायला. सर दोनच घरं फिरले आणि गावात हूल उठली: मास्तर रेल्वेपोलिसांचा माणूस आहे, चोरीचे रूळ लिहून घेऊन राह्यला. आठ दिवसांत गावातले निम्मे रूळ गायब. किसन तेल्यानं दारावरच्या रुळाला तपकिरी रंग मारून वर लाकडाच्या रेघा काढल्या. सर गेले, रुळावर टिचकी मारली. टण्ण आवाज आला.

"सागवान आहे का, किसनराव?"

"व्हय सर, जुनं सागवान. आजकाल भेटत न्हाई आसं."

"खरंय," सर म्हणाले. वहीत लिहिलं: 'सागवान, साडेचार फूट. मालक घाबरलेले आहेत.'

ही हूल मोडली टरामपट्टीतल्या गिरजाबाईनं. टरामपट्टी म्हणजे जिनिंगपासून स्टेशनापर्यंतची हमालांची वस्ती. चाळीसेक घरं, एका ओळीत, सगळ्यांची दारं एकाच बाजूला. गावाला ती ओळ तशी का, हे कळत नव्हतं; सरांना कळलं होतं, की टराम जिथून जायची तिच्या कडेकडेनं लोकांनी घरं घातली आणि टराम बंद झाल्यावर तिची मोकळी वाट त्यांच्या दाराशी उरली. गिरजाबाई तेव्हा पन्नाशीची असेल. विधवा, आवाज खणखणीत, मिरचीच्या कांडपावर कामाला. तिनं सरांना भर रस्त्यात अडवलं.

"ओ मास्तर, खरं सांगा, पोलिसात देणार का आमाला?"

"नाही हो बाई. टरामचा इतिहास लिहायचाय."

"कोन्ता इतिहास? टराम काय राजानं ढकलली का? मह्या सासऱ्यानं ढकलली. त्याचा इतिहास लिव्हता का?"

"तोच लिहायचाय."

"मंग पोलिसाची कामून हूल? या आत. च्या घ्या." आणि दारात उभी राहून सगळ्या पट्टीला ऐकू जाईल असं ओरडली, "ए शांते, रूळ काढ गं बाहीर! मास्तर आपल्या आज्याचं नाव लिव्हणार हाय!"

त्या दिवसापासून टरामपट्टीनं सरांना आपलं म्हटलं. ते दर रविवारी जायचे. मी कॉलेजात होतो, सुट्टीला आलो की मीही वही धरायला जायचो. घरोघरी चहा व्हायचा, त्यांच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात. कोणाच्या घरात बारसं असलं, कोणाचा दाखला अडला, तरी सरांना बोलावणं. सरांनी पट्टीतल्या थोरल्या माणसांच्या जन्मतारखा शोधून काढल्या, तेही टरामवरून. 'टराम बंद झाली त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात झालेलं लेकरू' म्हणजे कोणतं साल, हे त्यांना तोंडपाठ होतं.

एकदा आम्ही जाफराबादला गेलो. टराम ढकललेला शेवटचा माणूस, भिकाजी, तिथं लेकीकडं राहत होता. एसटीनं धूळ खात पोचलो. म्हातारा ऐकायला कमी, डोळ्यांत पाणी, पण टराम म्हणताच उठून बसला. त्यानं सांगितलं ते मी शब्दशः उतरवून घेतलं: "जाताना उतार. भरली टराम आपली आपण पळती. आमी मागं लाकडाची पाचर घेऊन लटकायचो, चाकात घालायचो, धूर निघायचा. येताना चढ. रिकामी असली तरी जीव काढती. जाताना टराम आमाला न्यायची, येताना आमी टरामला."

"ढकलायचे कसे?" सरांनी ओरडून विचारलं. "करून दाखवा!"

म्हातारा धोतर सावरून उठला, भिंतीला खांदा लावला, एक पाय मागं रोवला आणि खरंच जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "ओ बाबा! भिंत पाडता का मही? आन् तुमी, सर म्हणवता, म्हाताऱ्याला भिंती ढकलायला लावता?"

सरांनी तिची माफी मागितली. मग म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन स्वतःही भिंतीला खांदा लावून पाहिला. म्हातारा म्हणाला, "खाली वाका. आसं न्हाई सरकत."

आता दगडाचं सांगितलं पाहिजे.

टरामची नेमकी वाट सरांना मिळत नव्हती. मधल्या ओढ्याजवळ ती कुठून वळायची ते कळेना. एका रविवारी गिरजाबाई म्हणाली, "मास्तर, तुमी टरामची वाट हुडकता ना? मह्या मोरीत एक दगड हाय. त्याच्यावर काहीतरी अक्षरं हायत. मी त्याच्यावर धुणं धुते." सरांनी बूट काढले, मोरीत उकिडवे बसले, साबणाचा थर नखानं खरवडला. दगडावर दोन इंग्रजी अक्षरं होती, जिनिंगच्या नावाची. हद्दीचा दगड. टरामच्या दोन्ही अंगांना मालकांनी असे दगड रोवले होते. एक सापडल्यावर सगळ्या पट्टीला चेव आला. बायकांनी चुलीमागचं उकरलं, पोरांनी उकिरडे उपसले. कोणी म्हणालं, मह्याकडंबी हाय. कोणी म्हणालं, आधी मह्याकडं या. दोन महिन्यांत सतरा दगड सापडले. सर प्रत्येकाला हात लावून आले. सतरा ठिपके जोडले तेव्हा टरामची वाट ओढ्याजवळ वळली आणि सरळ स्टेशनाच्या मालधक्क्याला जाऊन टेकली.

तो नकाशा मी शाईनं गिरवला. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, अक्षर चांगलं होतं. जिनिंग, स्टेशन, मीटर गेजची जुनी लाइन, टराम, घरं, घरांत राहणाऱ्यांची नावं आणि सतरा दगड. खाली कोपऱ्यात सरांनी दगड दाखवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायला लावलं. पहिलं नाव गिरजाबाईचं. ते पट्टीत नेऊन वाचून दाखवलं तेव्हा गिरजाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता कोणी म्हणलं ना, तुमी कोण कुठले, तर ह्यो कागुद दाखवते."

हे तिनं उगाच म्हटलं नव्हतं. पट्टीतल्या कोणाकडंही घराचा कागद नव्हता. सरकारी पडीवर जुनी घरं असतील तर ती नावावर करून देतात, असं कळल्यावर त्यांनी तालुक्याला अर्ज केला होता. जुन्या कागदात त्या पट्ट्यापुढं नुसतं 'पड' लिहिलेलं. पड कोणाची, ते नाही. जिनिंगच्या मालकांचे नातू शहरात राहत होते, त्यांनी हरकत घेतली होती की पट्टी आमच्या आजोबांची. पण त्यांच्याकडं दाखवायला काही नव्हतं. हद्द कुठून कुठं, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. मलाही, सरांनाही. तरी दगड आणि अर्ज या दोन गोष्टी आमच्या डोक्यात एकदाही शेजारी आल्या नाहीत. ज्याच्या आज्यानं टराम ढकलली त्याची ती जागा, हे पट्टीला इतकं उघड वाटत होतं, की टराम खरी ठरली म्हणजे आपण खरे ठरलो, असंच सगळे धरून चालले. सरही. मी तर इतिहासाचा विद्यार्थी होतो.

विलास आमच्या वर्गातला. सरांचा सर्वांत लाडका. हुशार, गोड बोलणारा. दहावीला त्याची तयारी सरांनी स्वतःच्या घरी बसवून करून घेतली होती, काकूंच्या हातचं जेवून तो मोठा झाला म्हटलं तरी चालेल. तो वकील झाला. सर निवृत्त झाल्यावर एका सकाळी पेढे घेऊन आला. मी तिथंच होतो. त्यानं सरांच्या आणि काकूंच्या पाया पडून घेतलं.

"सर, तुमचं टरामचं पुस्तक काढायचं. आम्ही माजी विद्यार्थी काढणार. नकाशा द्या, छापखान्यात दाखवून आणतो."

सरांनी कपाटातून नकाशा काढला. "प्रत काढून नेतोस का?"

"अस्सलच द्या सर. प्रतीत बारीक अक्षर येत नाही. माझ्यावर भरोसा नाही का?"

"येड्या, तुझ्यावर नसला तर कोणावर?"

सरांनी नकाशा धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळून दिला. विलास गेल्यावर मला म्हणाले, "इटलीवाल्यांना पाठवू आपण एक." मी म्हणालो, "त्यांना मराठी कुठं येतं?" तर म्हणाले, "नकाशाला कशाला मराठी लागते?" त्या सकाळी मलाही फार आनंद झाला होता. तो आठवला की अजून लाज वाटते.

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी निघाली तेव्हा पट्टीनं साक्षीदार म्हणून कोणाला न्यावं, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सर. टेम्पो केला, सरांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. गिरजाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी अंबडहून परस्पर पोचलो. कचेरीच्या आवारात लिंबाखाली सगळे भाकरी सोडून बसले होते. तेवढ्यात समोरून विलास आला. काळा कोट, बगलेत फाइल आणि धोतराच्या कापडातली ती गुंडाळी. तो आमच्याकडं न येता नातवांच्या गाडीकडं गेला.

सरांनी ते कापड ओळखलं. हातातला घास तसाच राहिला. दगड आणि अर्ज त्या क्षणी एकमेकांशेजारी आले, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही शिकवलं. म्हणालो, "सर, अंदाजानं काढला होता म्हणा. वय झालं, आठवत नाही म्हणा."

ते शर्टाची गुंडी लावत राहिले.

आत साहेबांसमोर विलासनं नकाशा उलगडला. आवाजात तोच आदर. "सर, हा नकाशा आपलाच ना?"

"माझा."

"यातले दगड आपण ऐकीव लिहिले, की हात लावून?"

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. आमच्या सगळ्या वर्गाला ठाऊक असलेला प्रश्न होता तो. "हात लावून," ते म्हणाले.

"दगडांवर नाव कोणाचं?"

खोलीत पंखा फिरत होता. दारात गिरजाबाई उभी होती. तिला वाटत होतं, आता मास्तर तिचं नाव सांगतील, दगड कोणी दाखवला ते सांगतील. ती थोडी पुढं सरकली.

"जिनिंगचं," सर म्हणाले. "पण साहेब, दगड फक्त हद्द सांगतो. त्या हद्दीत माणसं कोणी आणून बसवली, कोणाच्या सांगण्यावरून—"

"ते विचारलेलं नाही," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

पाचच मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर विलास सरांपाशी आला आणि सवयीनं वाकला. सरांनी पाय मागं घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावरून हात न फिरवता त्यांनी विचारलं, "पुस्तक कधी येतंय, विलास?" टोमणा होता, की त्यांना खरंच अजून आशा होती, हे मला आजही सांगता येत नाही. विलासलाही कळलं नसावं. तो "बघू सर" म्हणाला आणि गाडीत बसला. नकाशा फाइलला लागला, तो परत आला नाही.

परतीच्या टेम्पोत सरांना पुढं बसा असं कोणी म्हणालं नाही. बसू नका असंही नाही. ते आणि मी एसटीनं आलो.

आठ दिवसांनी ते पट्टीत गेले, मी बरोबर होतो. गिरजाबाईनं आत घेतलं, सतरंजी टाकली, चहा दिला. कपबशीत. कपबशी त्या घरात तलाठ्याला आणि सोयऱ्यांना निघायची. सरांनी ती हातात धरली, बराच वेळ.

"बाई, मी खोटं कसं बोलणार होतो?"

"बोलूच नका ना. आमी कुटं म्हणलं बोला? एकडाव 'ध्यानात न्हाई' म्हणला असता, तर तुमचं काय झिजलं असतं, मास्तर? तुमी दगडाला इमान राखलं. दगड मी दावला व्हता."

सरांनी कपबशी खाली ठेवली. मला वाटतं त्यांना ते पटलंही होतं आणि नव्हतंही. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "तिनं विश्वासानं दाखवलेल्या दगडाला मी नाही म्हणालो असतो, तर तिला खोटं पाडलं असतं. हो म्हणालो, तर बेघर केलं. विलासला यातलं एकच कळलं, मी हो म्हणणार हे; आणि मला यातलं काहीच आधी कळलं नाही. कोण जास्त मूर्ख?"

निकाल नातवांच्या बाजूनं लागला आणि गेल्या वर्षी पट्टी उठली. ब्रॉडगेज लाइनीच्या पलीकडं, गायरानाच्या टोकाला त्यांना जागा दाखवली गेली. पत्रे, तट्टे, प्लास्टिक. गावात यायला फाटकावरून मोठा वळसा. सरांशी पट्टीतलं कोणी भांडलं नाही, ते त्यांना जास्त लागलं. पोरं मात्र त्यांना पाहून ओरडायची, "टरामसर आलेऽ, दगडं लपवा!" एकेकाळी गावानं ज्या धास्तीनं रूळ लपवले होते, ती धास्ती इतक्या वर्षांनी खरी ठरली. सरांनी कपाटातल्या सगळ्या वह्या बांधून माझ्याकडं दिल्या. "तू ठेव. माझ्याकडं कोणी मागायला आला तर मी देऊन टाकीन. माझा भरोसा नाही."

त्यानंतर ते रोज सकाळी गायरानात जायला लागले. काकू म्हणायच्या, "कशाला जाता? तिथं बसायला कोणी सांगत नाही." ते दोनशे पानी नवी वही घेऊन जायचे, प्रत्येक घरासाठी एक. कोण केव्हा आलं, कोणी आणलं, कुठल्या मुकादमानं इथं घर घाल म्हणून सांगितलं, दाराशी काय होतं, कोण तिथं जन्मलं, कोण तिथं वारलं. सांगेल त्याचं लिहायचं, वाचून दाखवायचं आणि वही त्याच घरात सोडून यायची. आपल्याकडं एक पानही ठेवायचं नाही. पुढं कधी अपील झालं तर त्यांच्या हातात त्यांचं असावं, एवढंच ते म्हणायचे. बऱ्याच घरांनी दार उघडलं नाही. काहींनी उघडलं.

मे महिन्यात मी गावी गेलो होतो. सर घरी नव्हते म्हणून गाडी घेऊन गायरानाकडं गेलो. गिरजाबाईच्या पत्र्याच्या खोलीबाहेर, भिंतीच्या टीचभर सावलीत सर उलट्या डब्यावर बसले होते. ती आत, दाराआड. मला तिचे हात आणि सूप तेवढं दिसत होतं. तांदूळ निवडता निवडता ती बोलत होती आणि सर लिहीत होते. मी दूरच थांबलो.

"दाराम्होरं लिंब व्हता. मह्या मालकानं लावलेला. लिव्हा."

"लिंब. मालकानं लावलेला."

"थोरली पोरगी त्याच्याच खाली चालाया शिकली."

"हं."

"आन् मोरीत..." सूप थांबलं. सर पेन टेकवून थांबले. पत्रा तापून कडकडत होता. "मोरीतलं न्हाई सांगत," ती म्हणाली. "तेवढं ऱ्हाऊ द्या."

सरांनी मान हलवली. मग लिहिलेलं सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं, हळूहळू, तिच्याच शब्दांत. ती मधे एकदा "बराबर" म्हणाली. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली, वाकून उंबऱ्याच्या आत सरकवली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. आतून एक हात आला, वही ओढून घेतली आणि दार लागलं.

"येतो बाई," सर दाराला म्हणाले.